सगळ्यांचंच दुखतं

लग्न होऊन सून घरात आली आणि पहिले चार महिने काकूंची अगदी खात्री होती, की ती रुसते.

रुसायची तीही ठरावीक वेळी. तीन आठवडे हसणं-खिदळणं, अखंड बडबड, आणि मग एकाएकी मिठाची गुळणी धरून बसल्यासारखी गप्प. दोन घास खाऊन ताट सरकवायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही, अहो आई." स्वतःच्या आईला ती नुसतं 'आई' म्हणायची, म्हणून सासूसाठी हे 'अहो आई' तिनं वेगळं काढून ठेवलं होतं. काकूंना ते आवडायचं. पण त्या दोन-तीन दिवसांत ते इतक्या लांबून आल्यासारखं वाटायचं, की काकूंच्या जिवाला घोर लागायचा.

त्या आपल्या बोलण्याची झडती घेत बसायच्या. पहिल्या महिन्यात त्यांनी तिच्या आखूड केसांवर काहीतरी शेरा मारला होता. तेच लागलं असणार. दुसऱ्या महिन्यात आमटीत मीठ जास्त पडलंय, असं त्या म्हणाल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात दुकानात एका गिऱ्हाइकासमोर त्या बोलून गेल्या होत्या, "आमची सून स्क्रू पाडत नाही हो, फक्त कपबश्या पाडते." आता ती थट्टाच होती. पण नवी मुलगी, लागलं असेल मनाला. चौथ्या महिन्यात काही केल्या काही आठवेना, तेव्हा त्यांनी मुलाला गाठलं.

"तू काही बोललास का रे तिला?"

"मी?" मुलगा शहराची बस चालवायचा, पहाटे जायचा, दुपारी येऊन आडवा व्हायचा. तो अर्धवट झोपेत म्हणाला, "मला वाटलं, तू बोललीस."

काकूंचं चष्म्याचं दुकान होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नवरा गेल्यापासून डोळे तपासणं, काच घासणं, फ्रेम बसवणं सगळं त्याच करत आल्या होत्या. काच घासायच्या यंत्रावर त्यांचा हात अजून पक्का होता, पण फ्रेमच्या दांडीतला खसखशीएवढा स्क्रू आता त्यांना दिसायचा नाही. सून लग्नाआधी घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. तिनं पहिल्याच आठवड्यात चिमट्यानं असे सात स्क्रू ओळीनं बसवून दाखवले आणि काकूंनी तिचं नाव 'चिमटी' ठेवून टाकलं. पुढे गिऱ्हाइकंसुद्धा म्हणू लागली, "चिमटीताई आहेत का? दांडी ढिली झालीय."

पाचव्या महिन्यात एके सकाळी दुकानात एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांच्या चष्म्याची डावी दांडी निखळली होती. चिमटी दिव्याखाली मान खाली घालून बसली होती. एवढ्यात तिच्या चिमट्यातून स्क्रू पडला. "एक मिनिट हं," म्हणत ती काउंटरखाली वाकली.

एक मिनिट झालं, दोन झाली. ती वर येईना.

काकू काउंटरवरून ओणव्या झाल्या. चिमटी खाली गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. कपाळ थंडगार फरशीला टेकवलेलं. ओठ पांढरे पडलेले, मानेवर घाम.

"आले, आले," ती डोळे मिटूनच म्हणाली. "स्क्रू सापडत नाहीये."

"खड्ड्यात गेला स्क्रू!" काकू म्हणाल्या.

शिक्षिका समजूतदार बाई. त्यांनी एका दांडीचा चष्मा तसाच नाकावर ठेवला, हातानं तोलून धरला आणि "मी उद्या येते" म्हणत निघून गेल्या. काकूंनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि सुनेला धरून धरून वर नेलं. जिन्यात ती दोनदा थांबली. वर पोचल्यावर मोरीत जाऊन ओकली.

गादीवर पडल्यावर काकूंनी विचारलं, "काय होतंय तुला? खरं सांग."

"पाळी आलीय."

"बरं. मग?"

हे 'मग' काकूंनी अगदी मनापासून विचारलं होतं. चिमटीनं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं.

"मग काय? दुखतं. सगळ्यांचंच दुखतं."

"माझं नाही दुखलं."

"म्हणजे आता थांबली ना तुमची. पण आधी…"

"आधीही नाही. शेजारीण दारातून डोकावून जाते ना, तशी यायची आणि जायची. एकदा तर त्या दिवसांत मी मैत्रिणींबरोबर डोंगर चढून आले."

चिमटी कोपरावर उठून बसली. "कधीच नाही दुखलं? एकदाही?"

"नाही गं बाई."

"कंबर तरी?"

"कंबर दुखते ती आता, पोती उचलल्यासारखी. तेव्हा नाही."

चौदा-पंधरा वर्षं चिमटी समजत होती की जगातली यच्चयावत बाई दर महिन्याला दोन दिवस अशीच दाताखाली ओठ दाबून काढते आणि तरी कामाला जाते. फक्त तिलाच ते धड जमत नाही. आणि काकू आयुष्यभर समजत होत्या की पाळीच्या दुखण्याचं निमित्त म्हणजे पोरींनी शाळेतल्या कवायतीतून सुटायला काढलेली पळवाट. आपण कितीजणींना मनातल्या मनात आळशी ठरवलं, हे आठवून त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

"म्हणजे तू रुसत नव्हतीस," त्या म्हणाल्या.

"मी? कुणावर?"

काकूंनी केस, मीठ आणि कपबश्या असं सगळं सांगून टाकलं. चिमटीला हसू आलं, पण हसताना पोटात कळ आली, म्हणून ती "हसवू नका ना, अहो आई" म्हणत पुन्हा आडवी झाली.

मग तिनं सांगितलं. तेराव्या वर्षी पाळी आली. तेव्हा एक दिवस दुखायचं. गोळी घेतली, गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरली की भागायचं. गेल्या चार वर्षांत मात्र दुखण्यानं हातपाय पसरले. आता दोन दिवस आधीच सुरू होतं. कमरेतून मांडीत उतरतं. संडासला बसलं की आतून सुरीनं कापल्यासारखं होतं. कधी कधी पाळी नसतानाही मध्येच दुखतं. घड्याळांच्या दुकानात होती तेव्हा वर्षाची सगळी रजा तिनं याच दिवसांसाठी राखून ठेवली होती. सहलीला म्हणून एक दिवस कधी घेतला नाही. आणखीही काहीतरी होतं, पण ते सांगताना ती अडखळली आणि तोंड भिंतीकडे केलं. काकूंनी टोकलं नाही.

"एवढं सगळं लपवलंस कशाला?"

"लपवलं कुठे? सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

दुसऱ्या दिवशी काकू तिला गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. माणूस चांगला, सर्दीपासून कुत्रा चावण्यापर्यंत सगळं बघायचा. त्यांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, "होतं असं तरुण मुलींना. ही गोळी घ्या. एक मूल झालं की सगळं मार्गी लागेल."

बाहेर आल्यावर काकू फुटपाथवरच थांबल्या. "मूल म्हणजे काय औषध आहे? सकाळ-संध्याकाळ एक, जेवणानंतर?"

"जाऊ द्या ना," चिमटी म्हणाली.

पण जाऊ देणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. घरी येऊन त्यांनी विहीणबाईंना, म्हणजे चिमटीच्या आईला, फोन लावला. विहीणबाई शेजारच्या गावात वेताच्या खुर्च्या विणायच्या. हाताला घट्टे पडलेली, कमी बोलणारी, ताठ कण्याची बाई. नवरा लवकर गेला, पण कुणापुढे हात पसरला नाही.

"होतंच ते," त्या फोनवर म्हणाल्या. "माझंही दुखायचं, माझ्या आईचंही दुखायचं. आम्ही असे डॉक्टर करत बसलो असतो तर खुर्च्या कुणी विणल्या असत्या?"

"अहो, पण पोरगी जमिनीवर पडली होती."

"उठली ना? मग झालं तर. तुम्ही तिला लाडावून ठेवाल, विहीणबाई."

"मी म्हणते, एकदा मोठ्या दवाखान्यात बायकांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू."

मग विहीणबाई म्हणाल्या, "लग्नाला वर्ष नाही झालं आणि माझ्या पोरीत खोट काढायला लागलात?" आणि फोन बंद.

काकूंच्या कानात ते शब्द बराच वेळ घणघणत राहिले. खोट? आपण? वर चिमटीला कळलं तेव्हा तीही चिडली.

"आईला फोन कशाला केलात? आता ती महिनाभर जेवायची नाही धड."

"मग तू चल मुकाट्यानं डॉक्टरीणबाईंकडे."

"नाही यायचं मला."

"का?"

चिमटी टेबलावरचे स्क्रू डबीत भरत राहिली. एक, दोन, तीन. मग हळूच म्हणाली, "काहीच नाही निघालं तर? आत्ता निदान मला तरी वाटतं की खूप दुखतं. त्यांनी तपासून सांगितलं, काही नाही, तर मग मी नुसती नाजूकच ठरले ना."

काकू तिच्या समोरच्या स्टुलावर बसल्या. "हे बघ. माझ्याकडे माणसं येतात, डोकं दुखतं म्हणतात. मी नंबर तपासते. कधी निघतो, कधी नाही निघत. नाही निघाला तर मी काय सांगते?"

"दुसरीकडे दाखवा म्हणता."

"'तुमचं डोकं दुखतच नाही', असं म्हणते का कधी?"

चिमटीनं मान हलवली.

"नंबर काढणं माझं काम. दुखतं की नाही, ते ज्याचं डोकं त्यालाच ठाऊक. तिथे मी तुझ्याशी वाद घालणार नाही आणि दुसऱ्या कुणाला घालू देणार नाही."

दवाखान्यात फोन केला तर तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. फोनवरच्या बाईनं सांगितलं, की तोवर रोज टिपून ठेवा: कुठे दुखलं, किती दिवस, रक्तस्राव किती, आणि दुखणं दहापैकी किती. काकूंनी चष्म्याच्या नंबरांची कोरी पावतीबुकं त्यासाठी काढली. 'डावा डोळा', 'उजवा डोळा' खोडून तिथे 'पोट', 'कंबर' लिहिलं.

पुढच्या पाळीत चिमटी गादीवर मुटकुळं करून पडली होती. काकूंनी पेन सरसावून विचारलं, "दहापैकी किती?"

"चार."

"चार? मला साधं उत्तर द्यायला तुला तीनदा श्वास घ्यावा लागला."

"दहा म्हणजे मरणच ना, अहो आई? मग चारच."

"दहा म्हणजे मरण कोण म्हणालं? मेलेल्यांना कुणी नंबर विचारत नाही. नीट सांग."

"…पाच."

"सात लिहिते."

"सहा."

"अगं, ही काय भाजी आहे का?" काकूंनी सात लिहिलं. दारात उभा असलेला मुलगा म्हणाला, "आठ लिही. काल हिनं माझा हात धरला होता, अजून नखांच्या खुणा आहेत." त्यानं मनगट पुढे केलं. त्यानंतर तो रोज दुपारी आल्यावर बूट काढायच्या आधी गरम पाण्याची पिशवी भरू लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. फक्त पहिल्यांदा बूच नीट लावलं नाही आणि अख्खी गादी भिजली, तेव्हा चिमटीनं त्याला दुखण्याच्या नंबरापेक्षा मोठ्या आवाजात झापलं.

ठरलेल्या दिवशी तिघं दवाखान्यात पोचली, तर दारातच विहीणबाई उभ्या. पहिली बस पकडून आलेल्या. पदराच्या टोकाला वेताची एक काडी अडकलेली तशीच.

"आई? तू?"

"माझी पोर आहे," त्या चिमटीकडे न बघता काकूंकडे बघत म्हणाल्या. "काय खोट निघते ते मलाही कळू दे."

"या ना, बसा," काकू म्हणाल्या. दुसरं काही म्हणायला त्यांना सुचलंच नाही.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या होत्या. त्यांनी चिमटीला आधी एकटीलाच आत घेतलं. थोड्या वेळानं नवऱ्यालाही बोलावलं. दोन्ही आया बाहेरच्या बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून. समोर भिंतीवर बाळाला पाजणाऱ्या बाईचं चित्र होतं. दोघी ते चित्र मन लावून बघत होत्या.

"गोळी घेते का ती वेळेवर?" शेवटी विहीणबाईंनी विचारलं.

"घेते. उपाशीपोटी घेते, मग ओकते."

"लहानपणापासून तशीच. काहीतरी खा म्हटलं की 'नंतर' म्हणायची."

"अजूनही 'नंतर'च म्हणते."

एवढं बोलून दोघी पुन्हा चित्राकडे वळल्या.

चिमटीला सोनोग्राफीला नेलं, परत आणलं. मग तिनं दारातून मान बाहेर काढली. डोळे रडल्यासारखे होते, पण चेहरा मोकळा होता. "दोघी या आत," ती म्हणाली. "मीच म्हटलं बोलवा म्हणून."

आत खुर्च्या कमी पडल्या. मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला.

"आधी साधं सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गर्भाशय म्हणजे स्नायूंची पिशवी. पाळीच्या वेळी तिचं आतलं अस्तर सुटतं. तेव्हा शरीर काही रसायनं तयार करतं, ती या पिशवीला आवळायला लावतात. जिच्यात ती जास्त, तिला कळा जास्त. जिच्यात कमी, तिला कळतसुद्धा नाही."

"ती मी," काकू म्हणाल्या.

"हो, अशाही असतात. तर या नुसत्या कळा पाळी यायला लागल्यावर वर्षा-दोन वर्षांत सुरू होतात, पहिल्या एक-दोन दिवसांत ओसरतात. वेळेवर गोळी घेतली, शेकलं, की बऱ्याचजणींचं निभतं. दुखणं खरं असतं, पण त्यामागे आजार नसतो. हिचंही सुरुवातीला तसंच असावं. पण नंतर बदललं. वर्षागणिक वाढत गेलं, पाळीच्या आधीच सुरू व्हायला लागलं, संडासला बसताना दुखायला लागलं. ते बघितलं की आम्ही कारण शोधतो." त्यांनी पडद्यावरचं चित्र वळवलं. राखाडी पसाऱ्यात एक गोल सावली होती. "हे डावं अंडाशय. त्यावर ही गाठ. हिच्यात जुनं रक्त साठलंय."

"रक्त तिथे कसं गेलं?" मुलानं विचारलं.

"गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं ना, तसलंच अस्तर बाहेर, अंडाशयावर, आतड्यांजवळ वाढतं. पाळीच्या वेळी तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं. पण गर्भाशयातल्या रक्ताला बाहेर पडायला वाट असते, याला नसते. मग ते तिथेच साकळतं, आजूबाजूचं सगळं सुजतं, एकमेकांना चिकटतं. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. दरवेळी असं चित्रात दिसतंच असं नाही. काहीजणींचं चित्र अगदी स्वच्छ येतं आणि आजार आत असतोच."

"म्हणजे जिचं जास्त दुखतं तिला हेच?" काकूंनी विचारलं.

"नाही, नाही. कुणाला गर्भाशयात गाठी असतात, कुणाच्या गर्भाशयाची भिंत जाड झालेली असते, कुणाला जंतुसंसर्ग असतो. म्हणून तर आधी विचारायचं, मग तपासायचं. तुमची ती चष्म्याची पावतीबुकं फार उपयोगी पडली हं. 'सात, सूनबाई चार म्हणते', असंही लिहिलंय तुम्ही."

चिमटीनं हनुवटी छातीला लावली. मुलगा हसला. विहीणबाई हसल्या नाहीत. त्या मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवून बसल्या होत्या.

"हे माझ्याकडून गेलं तिला?" त्यांनी विचारलं.

"जवळच्या नात्यात कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते. पण तुम्ही काही केल्यामुळे किंवा न केल्यामुळे झालेलं नाही."

"केलं ना." विहीणबाईंचा आवाज चिरकला. "शाळेतून रडत यायची, तर मी तिला वेत भिजवायला बसवायची. म्हणायची, हात चालू ठेव, लक्ष जात नाही. दात आवळ, पण आवाज काढू नकोस. मीच शिकवलं तिला."

"आई," चिमटी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला काय व्हायचं?"

विहीणबाईंना हे कधी कुणी विचारलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, जणू जावयानं बाहेर जावं. मग त्याला राहू दिलं आणि बोलायला लागल्या. विणताना खुर्चीच्या चौकटीची कड पोटात रुतवून बसायच्या, म्हणजे आतली कळ बोथट व्हायची. महिन्यातले आठ-आठ दिवस असे. नवऱ्याजवळ जायचीसुद्धा भीती वाटायची. लग्नानंतर नऊ वर्षं मूल नाही. मग ही एकच. सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमची सून नाटकी आहे, काम आलं की हिचं पोट दुखतं.

"आता इतक्या वर्षांनी मी खात्रीनं काही सांगू शकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हे सगळं तुम्ही मला तेव्हा सांगितलं असतं, तर मी तुम्हाला त्याच दिवशी तपासायला घेतलं असतं."

"म्हणजे मी नाटकी नव्हते."

"नव्हता."

विहीणबाई काकूंकडे वळल्या. "ऐकलंत?"

"ऐकलं," काकू म्हणाल्या. "कधी कुणी विचारलं तर मला साक्षीला बोलवा."

आणि मग ती ताठ कण्याची बाई, नवऱ्याच्या मागेही चारचौघांत न रडलेली, तोंडावर हात घेऊन हुंदके देऊ लागली. चिमटी खुर्चीवरून उठून तिच्याजवळ गेली. काकू टेबलावरचा पाण्याचा पेला पुढे करून तशाच उभ्या राहिल्या. प्यायला कुणी घेईना आणि खाली ठेवावासा त्यांना वाटेना.

निघताना मुलानं घसा खाकरून विचारलं, "ते, मूल झालं की बरं होतं म्हणतात…"

"मूल हवं असेल तेव्हा मूल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरं व्हायला उपचार. दोन्हींची गल्लत करू नका. मुलाचा विचार असेल तेव्हा मात्र लवकर सांगा, म्हणजे औषध त्याप्रमाणे बदलू."

रोज एक गोळी सुरू झाली, पाळी थांबवून ठेवणारी. वाटलं होतं तितकं सोपं ते नव्हतं. पहिले दोन महिने मधूनमधून डाग पडायचे, छाती दुखायची आणि चिमटीचं डोकं सदान्‌कदा तापलेलं. एकदा तिनं एका गिऱ्हाइकाला सांगितलं, की चष्मा वाकडा नाहीये, तुमचं नाकच वाकडं आहे. गिऱ्हाईक गेल्यावर काकू म्हणाल्या, "खरं आहे गं, पण असं बोलतात का?" डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलून दिली. दुसरी मानवली. चौथ्या महिन्यात एका आठवड्याच्या सगळ्या पावत्यांवर चिमटीनं शून्य लिहिलं, आणि काकूंनी एकदाही घासाघीस केली नाही.

विहीणबाई आता दर पंधरवड्याला यायच्या. येताना दुकानातल्या जुन्या खुर्च्यांसाठी वेत आणायच्या. बैठका विणता विणता काकूंना टोमणे मारायच्या, की तुमच्या दुकानात माणसं बसून बसून खुर्च्यांना खड्डे पडलेत, गिऱ्हाइकांना इतका वेळ कशाला बसवता. काकू म्हणायच्या, तुम्ही विणा, दुकान मी बघते. चिमटीला दोघींच्या मध्ये बसून स्क्रू लावताना कुणाची बाजू घ्यावी ते कळायचं नाही. ती दोघींना सारखंच "हो, हो" म्हणायची.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. गाठ लहान झाली होती, गेली नव्हती. पुढेमागे दुर्बिणीनं शस्त्रक्रिया लागू शकते, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. चिमटीनं ते शांतपणे ऐकलं आणि स्वतःच चार प्रश्न विचारले.

दवाखान्याबाहेर तिघी बसथांब्यावर बसल्या. मुलाला त्या दिवशी दुपारची ड्यूटी लागली होती, तो आला नव्हता. विहीणबाई बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत होत्या. त्यांची एक थोरली बहीण होती, फार लांब राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. तारुण्यात ती नातलगांकडे कुठल्या कार्याला म्हणून कधी यायची नाही. आयत्या वेळी निरोप धाडायची आणि लोक तिला शिष्ट म्हणायचे. विहीणबाईही म्हणायच्या. वर्षातून एकदा ख्यालीखुशालीपुरता फोन व्हायचा.

"लाव," चिमटी म्हणाली.

"आणि काय विचारू? या वयात?"

"तुला डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेच."

विहीणबाईंनी फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. हवा, गुडघे, शेजारी. मग त्यांनी पाठ जरा वळवून, आवाज उतरवून विचारलं, "ताई, तुला पाळीत काय व्हायचं गं?"

विहीणबाईंनी फोन कानापासून काढून बघितला, लागलेला आहे ना म्हणून. मग पुन्हा कानाला लावला आणि त्या ऐकू लागल्या. मधूनच "हं" म्हणत होत्या. एकदा "तुलाही?" म्हणाल्या.

बस आली. काकूंनी चिमटीकडे पाहिलं, चिमटीनं मान हलवली. बस गेली. काकूंनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, अर्धं सुनेला दिलं. दुसरी बस आली. चालकानं दार उघडून तिघींकडे पाहिलं आणि भोंगा वाजवला.

विहीणबाईंनी मान वर न करता हातानंच त्याला पुढे जायची खूण केली. "कुणी नाही गं, बस आहे," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "तू बोल."